पुनर्विकासाची फाइल: एका आर्किटेक्ट कार्यालयाने रिंग बाइंडर कसा निवडला

कोथरूडमधलं एक लहान आर्किटेक्ट कार्यालय जुन्या गृहनिर्माण सोसायट्यांना पुनर्विकासासाठी सल्ला देतं. दोन भागीदार, दोघीही आर्किटेक्ट, चार-पाच ज्युनियर आणि सतत कुरकुरणारा एक प्लॉटर (मोठे नकाशे छापायचं यंत्र), एवढाच पसारा. त्यांची छपाई आणि बांधणी माझ्याकडून होते. सादरीकरणाचे बाइंडर बदलायचे त्यांनी ठरवलं, तेव्हा नमुने जमवण्यापासून माल पोचेपर्यंत मी बरोबर होतो. बाइंडर निवडताना लोक कव्हरच्या रंगावर आणि लोगोवर दिवस घालवतात. जे भाग रोज हलतात त्यांच्याकडे, म्हणजे रिंगकडे आणि कव्हरच्या जॉइंटकडे, कुणी ढुंकूनही बघत नाही. या दोघींनी सुरुवातच तिथून केली.

ही फाइल कपाटात जात नाही

कंपनीतलं सादरीकरण तासाभरात आटपतं आणि फाइल कपाटात जाते. सोसायटीचं तसं नसतं. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ७९(अ) खाली पुनर्विकासाच्या मार्गदर्शक सूचना आहेत, त्यातल्या सुधारित सूचना ४ जुलै २०१९ च्या. त्यांप्रमाणे आधी विशेष सर्वसाधारण सभा, मग सल्लागाराची नेमणूक, व्यवहार्यता अहवाल, निविदा, विकासकाची निवड, करारनामा अशा पायऱ्या चढत जावं लागतं. प्रत्येक पायरीला नवे कागद येतात आणि काही जुने बाद होतात. प्रॉपर्टी कार्ड, कन्व्हेयन्सची (जमीन सोसायटीच्या नावे झाल्याची) कागदपत्रं, स्ट्रक्चरल ऑडिट, प्रत्येक फ्लॅटच्या कार्पेटची (आतल्या वापरायच्या क्षेत्रफळाची) यादी, एफएसआयचा (प्लॉटवर किती बांधकाम करता येईल याचा) हिशेब, नकाशे हे सगळं एकाच ठिकाणी हवं असतं. पुण्यात हा हिशेब २०२० च्या डिसेंबरात आलेल्या युनिफाइड डीसीपीआरप्रमाणे, म्हणजे राज्याच्या एकत्रित बांधकाम नियमावलीप्रमाणे करायचा, आणि त्यात दुरुस्ती निघाली की हिशेबाची पानं बदलायची.

त्यात फाइल हाताळणारे कोण? कमिटीतले निवृत्त बँक अधिकारी, शाळेतल्या माजी मुख्याध्यापिका, तिसऱ्या मजल्यावरचे वकील. फाइल सेक्रेटरींच्या घरी डायनिंग टेबलावर उघडते, स्कूटरच्या पुढच्या जागेत पिशवीतून जाते, पावसाळ्यात तळमजल्याच्या ऑफिसातल्या लोखंडी कपाटात राहते. विकासकाबरोबर करार होऊन नव्या इमारतीचा ताबा मिळेपर्यंत काही वर्षं तिला असंच जगायचं असतं.

कार्यालय आधी वायरो बांधणीच्या पुस्तिका देत असे. दिसायला छान, पण एक पान बदलायचं तर तार काढून परत दाबायची, म्हणजे पुस्तिका पुन्हा दुकानात. त्यानंतर त्यांनी तयार मिळणारे पीव्हीसीचे बाइंडर घेतले, पुढे लोगोचा स्टिकर. साठ-पासष्ट सभासदांच्या एका सोसायटीच्या सभेत त्यातला एक हातोहात फिरत असताना रिंग उघडली आणि पानं सतरंजीवर पसरली. ज्येष्ठ सभासदांनी वाकून गोळा केली, कुणीतरी नंबरवारी लावली, आणि कार्पेटच्या यादीतलं एक पान मिळेना. ते खुर्चीखाली गेलं होतं, पाच मिनिटांत सापडलं. पण त्या पाच मिनिटांत "आमच्याच विंगचं पान कसं काय नाही?" हा प्रश्न सभागृहाच्या मागच्या रांगेपर्यंत पोचला होता. पुनर्विकासात हरवलेल्या पानाचा अर्थ लपवलेलं पान असाच लावला जातो. त्यात सभासदांचा दोष नाही. राहतं घर पाडायला द्यायचं म्हटल्यावर माणूस प्रत्येक कागद तपासणारच.

जुन्या बाइंडरांचं शवविच्छेदन

नवीन घेण्याआधी जुने आठ-दहा बाइंडर टेबलावर मांडून बघितले. तीन ठिकाणी ते मोडले होते, आणि बहुतेक सगळे त्याच तीन ठिकाणी.

पहिली जागा रिंगच्या तोंडाची. रिंग म्हणजे दोन अर्धवर्तुळं, ती खालच्या पत्र्याच्या ताणावर मिटतात. पत्रा पातळ असला, किंवा कुणी बाजूचं बटण न दाबता रिंग हाताने ओढून उघडली, की ताण जातो आणि दोन्ही तोंडं समोरासमोर येत नाहीत. केसाएवढी फट पडते. उलटताना पान त्या फटीत अडकतं, भोक फाटतं. फट वाढली की धक्क्याने रिंग उघडते. सतरंजीवर झालेलं ते हेच.

दुसरी जागा जॉइंटची. पीव्हीसीच्या बाइंडरमध्ये दोन प्लास्टिकच्या पत्र्यांमध्ये पुठ्ठा घालून कडा आणि घड्या उष्णतेने जोडलेल्या असतात. कव्हर जिथे वाकतं तिथे पुठ्ठा नसतो, नुसतं प्लास्टिक. उघडझाप होऊन ते पांढरं पडतं, मग चिरतं, आणि चिरेतून आतला पुठ्ठा डोकावायला लागतो.

तिसरी गोष्ट मात्र कार्यालयाला कोड्यात टाकणारी होती. आतल्या पारदर्शक खिशांमध्ये ठेवलेल्या लेझर प्रिंटची अक्षरं खिशाला चिकटून निघाली होती. नकाशावरचा पूर्वेकडचा जिना प्लास्टिकवर, कागदावर नुसती सावली. मऊ पीव्हीसीत लवचिकपणासाठी जे द्रव्य घालतात ते हळूहळू बाहेर येतं आणि टोनरला, म्हणजे लेझर प्रिंटच्या शाईला, सैल करतं. उपाय सोपा आहे: पीव्हीसीऐवजी पॉलिप्रॉपिलीनचे खिसे घ्यायचे, त्यात हे द्रव्य नसतं. हाताला लागणारा फरकही कळतो. पीव्हीसीचा खिसा गुळगुळीत, किंचित चिकट आणि वासाचा. पॉलिप्रॉपिलीनचा कोरडा, चुरचुर वाजणारा.

टू-डी की फोर-डी

पुण्यात स्टेशनरी म्हटलं की अप्पा बळवंत चौक. तिथल्या दुकानात "फोर-डी, पंचवीसचं" एवढं म्हटलं तरी काउंटरवरच्या मुलाला कळतं. फोर म्हणजे चार रिंगा, डी म्हणजे रिंगचा आकार, पंचवीस म्हणजे मिलिमीटर. पण यातलं प्रत्येक अक्षर स्वतंत्र निर्णय आहे आणि या कार्यालयाने प्रत्येकावर वाद घातला.

आकाराचा वाद लवकर मिटला. गोल रिंग कव्हरच्या पाठीवर बसवतात. फाइल मिटली की पहिली आणि शेवटची पानं रिंगच्या बुडाशी चेपली जातात. डी आकाराची यंत्रणा मागच्या कव्हरवर बसते, तिची सरळ बाजू पानांची थप्पी सरळ ठेवते, आणि तेवढ्याच मापात गोल रिंगपेक्षा जास्त पानं मावतात. डी घ्यायची हे ठरलं.

दोन की चार, यावर मात्र बोलणं लांबलं. लहान भागीदार चारच्या बाजूने. सव्वा-दीड किलोची फाइल दोन भोकांवर लटकवायची म्हणजे भोकं फाटणारच, हे तिचं म्हणणं. मोठ्या भागीदाराची अडचण वेगळी होती: "सेक्रेटरी काकांकडे चार भोकांचा पंच कुठून असणार? त्यांना बँकेचं पत्र लावायचं असेल तर ते काय करतील?"

या प्रश्नाचं उत्तर मापातच आहे. आयएसओ ८३८ या मानकाप्रमाणे कागदाला दोन भोकं पाडतात. मध्यांमधलं अंतर ८० मिमी, भोकाचा व्यास ६ मिमी, आणि भोकाचा मध्य कडेपासून १२ मिमी. म्हणजे भोक आणि कड यांच्यामध्ये ९ मिमी कागद उरतो, आणि सगळा भार त्या ९ मिमीवर. चार रिंगांच्या यंत्रणेत प्रत्येक दोन रिंगांमध्ये ८० मिमीच अंतर असेल, तर मधल्या दोन रिंगा या मानकाच्या जोडीशी तंतोतंत जुळतात. कार्यालयाने चार भोकं पाडावीत, काकांनी घरच्या साध्या पंचाने दोन. दोन्ही पानं एकाच फाइलमध्ये बसतात. शिवाय सोसायटीच्या कपाटात ज्या बॉक्स फाइली असतात, त्यांच्या लिव्हरलाही हीच ८० मिमीची भोकं लागतात. वर्षाअखेरीला जुने कागद बाइंडरमधून काढून बॉक्स फाइलला लावायचे झाले तर नवीन भोक पाडावं लागत नाही. हे पंचिंग यंत्र आणि फाइलची कल्पना जर्मनीतल्या बॉनच्या फ्रीड्रिश झ्योनेकेन यांनी १८८६ मध्ये पेटंट केली. तेव्हाची ती भोकं आज कोथरूडच्या लोखंडी कपाटात उपयोगी पडतात, याची गंमत वाटते.

मात्र चार रिंगांचा प्रत्येक माल ८० मिमीचा असतोच असं धरून चालू नये. ऑर्डर देण्याआधी नमुन्यावर पट्टी ठेवावी. आणि परदेशातला कुणी एनआरआय सभासद अमेरिकेहून तीन रिंगांची फाइल घेऊन आला तर ती इथे कामाची नाही. तिथे लेटर आकाराचा कागद आणि तीन भोकं, दोन भोकांमधलं अंतर ४.२५ इंच.

पुरवठादाराचा आग्रह ४० मिमीच्या रिंगसाठी होता. "मोठं घ्या, पुढे कमी पडायला नको," हे त्याचं म्हणणं ऐकायला शहाणपणाचं वाटतं. पण हिशेब केला. ७५ जीएसएमची (एका चौरस मीटरला ७५ ग्रॅम वजनाच्या कागदाची) शंभर पानं म्हणजे साधारण एक सेंटिमीटर. कार्यालयाचा अहवाल १०० जीएसएमवर, शंभर-सव्वाशे पानांचा. खिसे आणि इंडेक्सची पानं धरूनही २५ मिमीच्या रिंगेत तो सैलसर बसतो. रिंग अर्धी रिकामी राहिली की पानं आत घसरतात, खाली झुकतात, आणि फाइल उभी ठेवली की कोपरे दुमडतात. पहिल्या टप्प्यासाठी पंचवीसच.

नकाशांची घडी

ए-३ चा नकाशा ए-४ च्या फाइलमध्ये नुसता मधोमध दुमडून लावला, तर तो उघडायला प्रत्येक वेळी रिंग सोडावी लागते. सभेत कुणी रिंग सोडली की पुन्हा सतरंजी. म्हणून घडी अशी घालायची: ४२० मिमी रुंदीच्या कागदावर डाव्या कडेपासून १२५ मिमीवर पहिली घडी, कागद डावीकडे परत आणायचा, पहिल्या घडीपासून १०५ मिमीवर दुसरी घडी, आणि उरलेली १९० मिमीची पट्टी पुन्हा उजवीकडे. घडी मिटल्यावर रुंदी बरोबर २१० मिमी, डावीकडची २० मिमीची पट्टी एकपदरी राहते आणि भोकं फक्त तिच्यात पडतात. उजवा कोपरा धरून ओढला की नकाशा पूर्ण उघडतो, रिंगला हात लावावा लागत नाही. नकाशाचं नाव आणि क्रमांक उजव्या खालच्या कोपऱ्यात असतात, ते मिटलेल्या अवस्थेतही वरच दिसतात. एका ज्युनियरने पुठ्ठ्याचा साचा कापून त्यावर दोन खुणा केल्या आणि आता ऑफिसातला कुणीही ही घडी न मोजता घालतो.

या घडीचा एक परिणाम कव्हरच्या मापावर होतो. रिंगेपाशी एक पदर आणि त्याच्या पुढे मधल्या भागात तीन, त्यामुळे फाइल मध्ये फुगते. दुसरीकडे, ए-४ चा खिसा भोकांच्या पट्टीसकट ए-४ पेक्षा रुंद असतो. इंडेक्सची जीभ त्याच्याही बाहेर यायला हवी, नाहीतर ती खिशांच्या मागे लपते आणि इंडेक्स लावून उपयोग नाही. तयार बाइंडरची कव्हरं बहुधा साध्या ए-४ पानाच्या हिशेबाने कापलेली असतात. खास बनवून घेण्यातला खरा फायदा मला इथे दिसतो. लोगो काय, स्टिकरनेही लागतो. कव्हर भरलेल्या फाइलवर मोजून कापून घेता येतं, ही सोय दुकानातल्या तयार मालात नाही.

कव्हर

चकचकीत छापील कव्हर हवं, अशी सुरुवातीला दोघींचीही इच्छा होती. नारायण पेठेतल्या ज्या कारखान्यात हे काम द्यायचं होतं, तिथल्या बांधणी कारागिराने छापील कागदाचा जुना नमुना काढून जॉइंटवर बोट ठेवलं. "मॅडम, लॅमिनेशन म्हणाल तेवढं चढवतो. पण घडी कागदावर पडली की लॅमिनेशनसकट चिरणार. हे बघा, दिवाळीच्या आधीचं आहे." घडीच्या रेषेवर शाई उडून पांढरी रेघ उमटली होती.

त्यावर निघालेला तोडगा मला फार पटला, कारण तो जुन्या हिशेबाच्या चोपड्यांचाच आहे. पाठीला आणि जॉइंटला कापड, दोन्ही बाजूंच्या सपाट भागाला छापील कागद. कापड वाकतं, चिरत नाही. कागद छापला जातो, वाकत नाही. ज्याचं काम त्याला दिलं. आत अडीच मिमीचा ग्रे बोर्ड, म्हणजे जाड पुठ्ठा.

पॉलिप्रॉपिलीनच्या कव्हरचाही विचार झाला होता. टिकाऊपणाच्या बाबतीत त्याला नावं ठेवायला जागा नाही: पाण्याला दाद देत नाही, आणि घडी नीट पाडलेली असेल तर हजारो वेळा वाकतं. कारखाना, साइट ऑफिस, शाळा यांच्यासाठी मी तेच सुचवेन. पण कोट्यवधींच्या व्यवहाराचा अहवाल पातळ प्लास्टिकच्या फाइलमध्ये दिला तर टेबलावर ती हलकी वाटते, आणि अर्धी भरली तर उभी राहत नाही. मोठ्या भागीदाराने एका वाक्यात निकाल लावला: "ही मुलांच्या प्रोजेक्टची वाटते."

मॅट लॅमिनेशन घेतलं, कारण ग्लॉसवर सभागृहाच्या ट्यूबलाइट चमकतात. हल्ली सगळ्यांना आवडणारं मखमली हाताचं लॅमिनेशन मात्र नाकारलं. त्यावर नखाचा ओरखडा आणि तेलकट बोट दोन्ही उमटतात, आणि सोसायटीच्या सभेत चहाबरोबर वडे असतात.

एक बारीक निर्णय रिव्हेटचा. यंत्रणा मागच्या कव्हरला रिव्हेटने ठोकतात. रिव्हेटचं डोकं बाहेरून दिसू नये म्हणून आधी ठोकून वरून कागद चढवण्याची पद्धत आहे, दिसायला ती सुबक. पण मग रिंग बिघडली तर कव्हर फाडल्याशिवाय बदलता येत नाही. इथे उघडे रिव्हेट ठेवले. साधा बांधणी कारागीरही ते ड्रिलने काढून नवीन यंत्रणा बसवू शकतो. टेबलाला ओरखडे पडू नयेत म्हणून डोकी चपटी घेतली, एवढंच.

नमुन्याचे हाल

नमुना हातात आल्यावर त्याची परीक्षा घेतली, तीही घरगुती. रिंग मिटून खिडकीच्या उजेडाकडे धरायची. तोंडांमधून उजेडाची रेघ दिसली तर नमुना परत. मग ७५ जीएसएमचं एकच पान रिंगवरून सावकाश पुढेमागे फिरवायचं. जोडावर पान टचकन अडकलं तर बोटाला आधी कळतं, डोळ्याला नंतर. पहिल्या नमुन्यात वरून दुसऱ्या रिंगला असं अडकत होतं. पुरवठादाराने वेगळ्या पेटीतला माल पाठवला तेव्हा गेलं. ज्युनियर मुलांना सांगितलं की चहा घेता घेता उघडझाप करत राहा, दिवसभर. भरलेली फाइल नुसत्या पुढच्या कव्हरला धरून उचलली आणि हलवली, कारण सभेत माणसं ती तशीच उचलतात.

शेवटची परीक्षा ओलीची. रिकामा बाइंडर ओल्या फडक्याबरोबर प्लास्टिकच्या पिशवीत बांधून दोन रात्री ठेवला. निकेलचा मुलामा पातळ असेल तर रिव्हेटच्या कडेला तांबूस ठिपके येतात; इथे आले नाहीत. पण पुढचं कव्हर बाहेरच्या अंगाला वाकलं. कारण सरळ होतं: बाहेरून लॅमिनेशन केलेला कागद, आतून साधा पातळ कागद. दमट हवेत आतली बाजू पाणी पिते आणि ताणते, बाहेरची तशीच राहते. कारागिराने आतूनही लॅमिनेशनचाच कागद लावला आणि बोर्डाचे धागे पाठीला समांतर येतील असा तो कापला. खळ सुकेपर्यंत कव्हरं वजनाखाली दाबून ठेवायची अटही घातली. घाईच्या ऑर्डरीत नेमकी हीच पायरी गाळली जाते, म्हणून ती कोटेशनमध्ये लिहून घ्यावी.

किती आणि कुणाला

प्रत्येक सभासदाला बाइंडर द्यायचा विचार पहिल्या बैठकीतच सोडला. सभासदांना स्टेपल केलेली बारीक पुस्तिका पुरते. त्यात स्वतःच्या फ्लॅटचा हिशेब आणि मुख्य नकाशे आले की झालं. बाइंडर पाच: अध्यक्ष, सेक्रेटरी, खजिनदार, सोसायटीचं ऑफिस आणि कार्यालयाची स्वतःची प्रत. संख्या अशी कमी झाल्यामुळे नगामागे जास्त खर्च करणं परवडलं.

कव्हरवर फॉइलने फक्त कार्यालयाचं नाव. सोसायटीचं नाव पाठीवरच्या पारदर्शक खिशात सरकवायच्या चिठ्ठीवर. यामुळे एकाच वेळी काही सोसायट्यांना पुरतील एवढे बाइंडर बनवून घेता आले आणि कारखान्याची किमान संख्याही भरली. सोसायटीचं नाव सोनेरी अक्षरांत हवं असा एका अध्यक्षांचा हट्ट होता. त्यांना चिठ्ठीच सोनेरी कागदावर छापून दिली, ते खूश.

एक पान आणखी घातलं: पहिल्याच खिशात, आतल्या सगळ्या कागदांची अनुक्रमणिका आणि पान बदलल्याची नोंद. कोणतं पान, कधी बदललं, कुणी लावलं, सही. पुठ्ठा आणि पत्रा यांच्याशी याचा संबंध नाही, पण "आमचं पान कुठे गेलं" या प्रश्नाला रिंगपेक्षा हा तक्ता जास्त उपयोगी पडतो.

बाइंडर एका पावसाळ्यातून गेले आहेत. रिंगा मिटतात. कापडी जॉइंटला काही झालेलं नाही. एका सोसायटीत फाइल अर्धी भरलेली असताना कपाटावर उभी ठेवली होती, तिचं कव्हर थोडं तिरकं झालं. आडवी ठेवायला सांगितल्यावर बरंचसं सरळ आलं. एका ठिकाणी रिंग हाताने ओढून उघडायची सवय गेली नव्हती, म्हणून आता आतल्या बाजूला "दोन्ही टोकांची बटणं एकदम दाबा" असा मराठीत छोटा स्टिकर असतो, बाणासकट. निविदा उघडल्यावर विकासकांचे प्रस्ताव येतात आणि ते प्रत्येकी शे-दीडशे पानांचे असतात. त्यांच्यासाठी त्याच कव्हरमध्ये ४० मिमीची यंत्रणा आणि त्या मानाने रुंद पाठ अशी दुसरी ऑर्डर गेली आहे. तिच्या पाठीचं कापड वेगळ्या रंगाचं, म्हणजे कपाटातून ओढताना अहवाल कोणता आणि प्रस्ताव कोणते हे चष्मा न लावताही कळावं.